१७ नंबरचा फॉर्म

मार्चमधल्या एका दुपारी ईमेल आली आणि मी ऑफिसातूनच नवऱ्याला फोन लावला, "लॉटरी लागली!" त्याला क्षणभर पैशाचीच वाटली. आमच्या मुलाला सहावीसाठी चार्टर शाळेत जागा मिळाली होती. रेटिंग दहापैकी दहा, गणिताचे गुण आसपासच्या सगळ्या शाळांच्या वर. त्या रविवारी मराठी शाळेत मी पेढे वाटले. साताऱ्याला सासूबाईंना सांगितलं, "प्रायव्हेटसारखीच आहे, पण फुकट."

त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. चार्टर शाळा प्रायव्हेट नसते. पैसा सरकारचा, प्रवेशपरीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. फक्त ती डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळांची सरकारी यंत्रणा, चालवत नाही, स्वतंत्र मंडळ चालवतं, आणि त्या मंडळाला बहुतेक वेळा डिस्ट्रिक्टकडून किंवा काउंटीकडून ठरावीक मुदतीची सनद मिळते. पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटाने केला, दुसरा १९९२ मध्ये आमच्या कॅलिफोर्नियाने. इथे सनद साधारण पाच वर्षांची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरणाच्या वेळी शाळांची गुणांवरून वरची, मधली, खालची अशी प्रतवारी होते. वरच्या गटाला सात वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते, खालच्या गटाला बहुधा नकार. थोडक्यात, माझ्या मुलाच्या पेपरावर शाळेची सनदही लटकलेली होती. पेढे वाटताना हे डोक्यात आलं नाही.

आणि 'फुकट'चं म्हणाल तर बस नव्हती. सकाळी चाळीस मिनिटं गाडी, संध्याकाळी तेवढीच. ऑक्टोबरपासून गणिताची शिकवणी.

मुलगा ढ नव्हता. सावकाश होता. एखादी गोष्ट समजेपर्यंत तिच्याभोवती घुटमळणारा. इथे दर शुक्रवारी चाचणी आणि सोमवारी पुढचा धडा. जानेवारीपर्यंत तो रात्री अकराला गृहपाठावर डोकं ठेवून झोपायला लागला. फेब्रुवारीत समुपदेशक बाईंनी आम्हाला बोलावलं. अतिशय गोड बोलल्या. "ही शाळा प्रत्येक मुलासाठी नसते. दुसरीकडे तो जास्त आनंदात राहील असं नाही वाटत तुम्हाला?" कोणी काढून टाकलं नाही, कोणी सही मागितली नाही. घरी येताना गाडीत मी एकही शब्द बोलले नाही, कारण हे बोलणं मी आधी ऐकलेलं होतं.

साताऱ्यात आमच्या शाळेच्या फाटकापाशी फळा असायचा: एसएससी निकाल १०० टक्के. माझ्या बाकावरची मैत्रीण नववीत बीजगणितात अडकली. हेडसरांनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा तिला." ती बाहेरून बसली आणि पासही झाली. पण ती पास झाली काय किंवा नापास, आमच्या फळ्यावर काहीच हललं नसतं. त्या शंभर टक्क्यांचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता. सातासमुद्रापार येऊन मी तोच फळा पाहिला आणि पुन्हा भुलले. शाळेपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

मग मी बसून आकडे काढले. ते प्रवेशाआधी काढायला हवे होते, म्हणून इथे लिहिते.

गुण शेवटी बघा. आधी इयत्तावार पट बघा. राज्याच्या शिक्षण खात्याच्या 'डेटाक्वेस्ट'वर प्रत्येक शाळेचा पट वर्षागणिक मिळतो, चार्टर शाळांचाही. एकच तुकडी धरा आणि तिरपं खाली या: त्या वर्षीची सहावी, पुढच्या वर्षीची सातवी, त्यापुढची आठवी. आमच्या शाळेत सहावीला चार वर्ग होते, बारावीला जेमतेम एक. कॅलिफोर्नियात राज्याची गणित-इंग्रजीची परीक्षा तिसरी ते आठवी आणि मग एकदम अकरावीत. म्हणजे हायस्कूलची सगळी अब्रू एका अकरावीवर, आणि अकरावीत पोचेपर्यंत चाळण होऊन गेलेली. साताऱ्याच्या नववीचंच गणित. मुलं गेल्यावर रिकाम्या जागा प्रतीक्षायादीतून भरतात का, हेही विचारा. वरच्या वर्गात नवीन मुलं घेतच नसतील तर पट फक्त घटतो आणि सरासरी फक्त चढते. तिथेच 'स्टॅबिलिटी रेट'ही मिळतो, पण तो वर्षाच्या आत किती मुलं टिकली ते सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुपचूप गेलेल्यांसाठी हा तिरपा हिशेबच करावा लागतो.

दुसरी गोष्ट, मुलं गुणांत कुठे आहेत आणि कुठून तिथवर आली यातला फरक. स्टॅनफर्डचे शॉन रियर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या शाळांची सरासरी आणि वर्षागणिक होणारी वाढ वेगवेगळी मांडून ठेवली आहे, कोणालाही बघता येते. सरासरी गुण घरच्या परिस्थितीमागे फार घट्ट जातात. वाढीचं तसं नाही. आमच्यासारख्या दोन इंजिनिअर आईबापांची, शिकवण्या लावलेली मुलं गोळा केली तर दहापैकी दहा कोणालाही मिळतील. कॅलिफोर्नियाच्या डॅशबोर्डवर लालपासून निळ्यापर्यंत पाच रंग असतात. तिथे एकूण निळा बघून थांबू नका. इंग्रजी शिकणारी, विशेष शिक्षण घेणारी, कमी उत्पन्नाच्या घरची मुलं, प्रत्येक गटाचं पान उघडा. साधारण तीसपेक्षा कमी मुलं असलेल्या गटाला रंगच मिळत नाही. आमच्या शाळेत अशा बिनरंगी चौकटीच जास्त होत्या, आणि मी त्यांचा अर्थ 'काही अडचण नाही' असा लावला होता. ती मुलं तिथे नव्हतीच.

चार्टर म्हणजे वाईट, असं मात्र माझ्या तोंडी घालू नका. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी दुसऱ्या एका चार्टर शाळेत फुलली आहे. स्टॅनफर्डच्याच क्रेडो या केंद्राने २००९ मध्ये सोळा राज्यांचा अभ्यास केला, तेव्हा गणितात जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस अशा चार्टर शाळा १७ टक्के आणि कमी पडलेल्या ३७ टक्के निघाल्या. २०२३ च्या त्यांच्या अहवालात मात्र चार्टरमधली मुलं सरासरीने वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाएवढी पुढे होती. ऑनलाइन चार्टर शाळा मात्र बऱ्याच मागे. 'चार्टर' या पाटीवरून काहीच ठरत नाही, एवढंच मला त्यातून कळलं.

आता माणसांचं. शाळा फिरवून दाखवतात त्या दिवशी सगळ्या शाळा छान दिसतात. त्यापेक्षा दुपारी तीनला पार्किंगमध्ये उभं राहा. मुलं घोळक्याने बाहेर येतात की एकेकटी, पालक एकमेकांना नावाने हाक मारतात की काचा वर करून बसतात, हे पाच मिनिटांत कळतं. आमच्याकडे काचा वर असायच्या. पालकांनी अमुक तास सेवा 'द्यावी' असं पत्रक आलं, तेव्हा मी तो नियम समजून सुट्ट्या घेतल्या. प्रत्यक्षात २०१७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात चार्टर शाळांना अशी सक्ती करता येत नाही. देणगीचंही तसंच.

शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या बैठका खुल्या असतात, विषयपत्रिका नियमित बैठकीच्या बहात्तर तास आधी लावावी लागते, आणि कोणालाही बोलता येतं. प्रवेश नक्की करण्याआधी एका बैठकीला जाऊन बसा. मी गेले ते मुलगा ती शाळा सोडून निघाल्यावर, आणि त्या एका संध्याकाळी शिक्षकांच्या राजीनाम्यांची यादी ऐकली. शाळेच्या वार्षिक अहवालात किती शिक्षक आपल्या विषयासाठी पात्र आहेत ते छापलेलं असतं. गेल्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचा.

आणि शाळा सोडलेल्यांना शोधा. आत असलेले पालक आपल्या निर्णयाची बाजू घेतात, मीही पाच महिने घेतली. गेलेल्यांच्या मुलाखती शाळा करून देणार नाही. ते लायब्ररीत भेटतात, फुटबॉलच्या मैदानाकडेला भेटतात, गणपतीत आरतीच्या रांगेत भेटतात. मला तीन कुटुंबं सापडली. तिघांनाही तेच वाक्य, तेवढ्याच गोड आवाजात सांगितलं गेलं होतं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. घराजवळच्या शाळेतली जागा सोडताना दहादा विचार करा. डिस्ट्रिक्ट परत घेतं, पण गच्च भरलेल्या गावात तीच शाळा मिळेल याची खात्री नसते. आमचा मुलगा आता तीन मैलांवरच्या दुसऱ्याच शाळेत जातो. रेटिंग सहा. तिथले गणिताचे सर त्याला घुटमळू देतात.

परवा महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी भेटली. लेकीची लॉटरी लागली होती, शुक्रवारपर्यंत हो म्हणायचं होतं, हातात पेढ्यांचा डबा.

"ताई, शाळा चांगली आहे ना?"

मी पेढा घेतला आणि विचारलं, "सहावीत किती मुलं आहेत? आणि बारावीत?"

"ते नाही बघितलं," ती म्हणाली, आणि डबा माझ्या हातात देऊन तिने फोन काढला.