रिसॉर्टचे जेवण आणि शंकेखोर खवय्ये
सहल आयोजकांसाठी एक धडा

ईदनंतरचे चार-पाच दिवस आणि मे महिन्याची सुटी या काळात मुंब्रा, कौसा, भिवंडी आणि कल्याणहून किती बसगाड्या वॉटर पार्ककडे व रिसॉर्टकडे निघतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या व्यवसायाची व्याप्ती सांगायला नको. आपल्या समाजातील अनेक होतकरू तरुण आज सहल आयोजनाच्या धंद्यात आहेत. कोणी बसमालक आहे, कोणी केटरर, तर कोणी शिकवणी वर्ग सांभाळून वर्षाकाठी तीन-चार सहली काढतो. भांडवल थोडे लागते, पण नाव टिकवावे लागते. आणि या धंद्यात नाव बुडते ते बहुधा दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे जेवणाच्या वेळी.

पन्नास माणसांच्या बसमध्ये चार-पाच जण असे असतातच, ज्यांना पाण्याच्या घसरगुंडीत काडीचा रस नसतो. यंत्रमागाचा एखादा जुना व्यापारी, लग्नाच्या देगा उतरताना पाहण्यात आयुष्य गेलेले एखादे चाचा, हाताला चव असलेल्या एखाद्या खाला. बसमध्ये बसतानाच ते म्हणतात, "रिसॉर्टचे जेवण म्हणजे गरम केलेले कालचे जेवण." ही मंडळी संख्येने थोडी असली तरी घरात आणि मोहल्ल्यात शब्द त्यांचाच चालतो. मुले कितीही खूश असोत, पुढच्या वर्षी सहल कोणाकडे द्यायची हे खालाच ठरवतात. म्हणून यांना कोठे जेवू घालायचे, हा प्रश्न हौसेचा न समजता धंद्याचा समजावा.

आपल्या भागाला पर्यायांची कमतरता नाही. ठाण्यात मानपाड्याला डोंगराच्या पायथ्याशी टिकुजिनी वाडी आहे, घोडबंदर रस्त्यावर सूरज वॉटर पार्क आहे. भिवंडी तालुक्यात मुंबई-नाशिक महामार्गावर शांग्रिला, वसई तालुक्यात पारोळजवळ ग्रेट एस्केप. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि त्याच्या शेजारी वॉटर किंगडम १९९८ मध्ये आले, तेव्हा कल्याण-डोंबिवलीहून लोक आधी लोकल, मग बस आणि शेवटी लाँच असा प्रवास करून जात. एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि आपल्या भागात प्रथमच परदेशी धर्तीचे मोठे थीम पार्क आले. चाच्यांचे जहाज, अमेरिकी डायनर अशा वेगवेगळ्या सजावटीची रेस्टॉरंटे एकाच आवारात, हा प्रकार आपल्याकडे तोवर नवा होता. कल्याणहून खोपोलीची लोकल सुटत असल्याने छोट्या गटांनाही ते सोयीचे पडते.

या रेस्टॉरंटांचे अर्थशास्त्र समजून घेतले, तर निवड करणे सोपे जाते. बाजारातील खानावळीला गिऱ्हाईक परत यावे लागते. दूधनाक्यावरच्या भटारखान्याने आज मीठ जास्त टाकले तर उद्या त्याचे गिऱ्हाईक समोरच्याकडे जाते. रिसॉर्टच्या आत मात्र गिऱ्हाईक फाटकातून आत आलेले असते, बाहेरचे खाणे नेण्यास बहुधा मनाई असते आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा वर्षभर येणार नसते. स्पर्धा नसली की चव सुस्तावते. त्यातून सर्वांना भूक एकाच वेळी लागते. दोन हजार माणसांना दीड तासात वाढायचे, तर स्वयंपाक सकाळीच उरकून गरम पाण्याच्या भांड्यांवर ठेवावा लागतो. यात आचाऱ्याचा दोष नाही. त्याला हजाराचा स्वयंपाक सांगितलेला आहे, तो हजाराचा स्वयंपाक करतो.

मात्र हे असेच असले पाहिजे असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये नॉट कुटुंबाचा फळबागेचा आणि मुरांब्याचा धंदा होता. १९३४ साली कॉर्डेलिया नॉट यांनी घरातल्या लग्नाच्या भांड्यांत आठ जणांना कोंबडीचे जेवण वाढून विकले. चव लोकांच्या तोंडी बसली आणि काही वर्षांत दाराशी तासन्‌तास रांगा लागू लागल्या. रांगेतल्या लोकांचा वेळ जावा म्हणून वॉल्टर नॉट यांनी १९४० पासून जुन्या पद्धतीचे एक खोटे गाव उभारायला घेतले. त्यातूनच पुढे नॉट्स बेरी फार्म हे मोठे थीम पार्क झाले. डिस्नीलँड १९५५ मध्ये उघडले, म्हणजे कोंबडीच्या जेवणामागून पार्क येण्याची ही गोष्ट त्याच्याही आधीची. आपल्या केटरर बंधूंनी ती जरूर लक्षात ठेवावी.

याउलट उदाहरण पॅरिसजवळच्या युरो डिस्नीचे. एप्रिल १९९२ मध्ये ते सुरू झाले. युरोपी माणूस सकाळी नाश्ता करत नाही, असे व्यवस्थापनाला कोणीतरी सांगितले होते, म्हणून हॉटेलांतील न्याहारीच्या खोल्या लहान बांधल्या. प्रत्यक्षात ३५० खुर्च्यांच्या जागेत अडीच हजार माणसे नाश्त्याला येऊ लागली. दुपारीही तीच गत. अमेरिकी माणूस दिवसभर चालता चालता काहीबाही खातो. फ्रेंच माणसाला दुपारी साडेबाराच्या सुमारास टेबलावर बसून जेवण हवे होते. सगळे एकाच वेळी आले आणि रांगा वाढल्या. इतक्या मोठ्या कंपनीने इमारतींवर अमाप पैसा ओतला आणि पाहुणे जेवतात केव्हा, हे विचारायचे राहून गेले!

आपल्या सहलीलाही हीच गोष्ट लागू पडते. पाण्यात डुंबलेल्या मुलांना साडेअकरालाच भूक लागते. बुजुर्गांना जोहरची नमाज आटोपून शांतपणे बसायचे असते. दीड वाजता दोघांना एकाच रांगेत उभे केले तर दोघेही नाराज होतात. आयोजकाने रिसॉर्टच्या व्यवस्थापकाला एकच प्रश्न विचारावा: "बुफे कितीला मांडता आणि दुसरी भर कितीला घालता?" पहिली भांडी साडेबाराला उघडत असतील, तर मुलांना तेव्हाच बसवावे. खवय्यांना नमाजनंतर, दुसरी ताजी भर येते त्या वेळी न्यावे. नमाजची जागा आणि वजूची सोय कोठे आहे, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

आता चवीकडे वळू. काही पदार्थ वाट पाहू शकतात, काही पाहू शकत नाहीत. निहारी, दालचा, खिमा, रस्सा हे तासभर मंद आचेवर राहिले तरी बिघडत नाहीत. काहींची चव तर वाढतेच. दमची बिर्याणी झाकण न उघडता ठेवली तर टिकते, पण बुफेच्या उघड्या भांड्यात चमच्याने ढवळून ढवळून तिचा भात मोडतो आणि वरचा थर कोरडा पडतो. तळलेली सुरमई, नान, तंदुरी कोंबडी आणि तांदळाची भाकरी यांचे आयुष्य दहा मिनिटांचे. कोकणी घरातले सांदण आणि अख्नी खाऊन वाढलेल्या माणसाला थंड भाकरी आणि मऊ पडलेली तळलेली मासळी वाढली, तर त्याच्या शंकेला आपणच पुरावा दिला असे होते. ज्या रेस्टॉरंटात तंदूर किंवा तवा गिऱ्हाइकासमोर चालतो, तेथे दर थोडा अधिक असला तरी ही चार-पाच माणसे तेथेच बसवावीत. बाकीच्या बसला बुफे पुरतो. सर्वांना एकाच ठिकाणी जेवू घातलेच पाहिजे, हा हट्ट सोडला तर निम्मी तक्रार मिटते.

आरोग्याची बाजूही पाहावी. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे. झाकण उघडल्यावर वाफ आली नाही, तर ते ताट घेऊ नये. शिजलेला भात उन्हाळ्यात बाहेर पडून राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू झपाट्याने वाढतात आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचे विष जातेच असे नाही. मे महिन्यातल्या सहलींना दही आणि क्रीम घातलेली कोशिंबीर न घेणेच बरे. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याखाली परवाना घेतलेल्या प्रत्येक खानावळीला १४ आकडी क्रमांक मिळतो आणि तो दर्शनी भागात लावावा लागतो. तो नजरेस पडत नसेल तर मागावा. मागण्यात संकोच कसला?

हलालचा प्रश्न आपल्यासाठी चवीच्याही आधीचा. "येथे सर्व हलालच असते" हे काउंटरवरच्या मुलाचे उत्तर पुरेसे मानू नये, कारण मटण कोठून येते हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. स्वयंपाकघराच्या प्रमुखाला किंवा खरेदी पाहणाऱ्या माणसाला विचारावे: कोंबडी व मटण कोणाकडून घेता, त्याचे बिल किंवा प्रमाणपत्र दाखवता का? बंद पाकिटातला माल असेल तर पाकिटावरची खूण पाहता येते. तळणाचे तेल सर्व पदार्थांना एकच आहे का, त्याच कढईत डुकराच्या मांसाचे पदार्थ तळले जातात का, रश्शात किंवा मिठाईत मद्य घातले जाते का, पुडिंगमध्ये जिलेटिन आहे का, हेही विचारावे. मोठ्या हॉटेलांत परदेशी धर्तीचे पदार्थ असतात, तेथे हे शेवटचे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे. उत्तर सरळ देणारा माणूस बहुधा सरळ असतो. उडवाउडवी झाली तर तो व्यवहार सोडावा.

आणि शंका फिटली नाही तर? माझे मत स्पष्ट आहे. संशयाच्या मांसाहारापेक्षा चांगले शाकाहारी स्वयंपाकघर केव्हाही बरे. आपल्याकडे हल्ली मांसाशिवाय पाहुणचार नाही असा समज पक्का झाला आहे, पण गरम पुरी, छोले, बटाट्याची रस्साभाजी आणि चांगला पुलाव समोर आला तर चाचाही दुसऱ्यांदा मागतात. डोंबिवलीच्या कार्यालयांच्या सहली घेणाऱ्या आपल्या बांधवांना तर याचा दुहेरी फायदा आहे. अशा गटात शाकाहारी आणि जैन सहकारीही असतात. जैन सहकाऱ्याला कांदा, लसूण आणि बटाटा चालत नाही. आयोजकाने हे न सांगता लक्षात ठेवले, तर त्या कार्यालयाचे काम कायम आपल्याकडे राहते.

आता हिशेब. समजा, ५० माणसांची बस आहे आणि माणशी १,५०० रुपये घेतले. जमा झाली ७५,०००. रिसॉर्टने प्रवेश आणि दुपारचे जेवण मिळून माणशी १,१०० लावले, म्हणजे ५५,०००. बसभाडे १२,००० आणि सकाळचा नाश्ता-पाणी माणशी ६० प्रमाणे ३,०००. खर्च ७०,०००, शिल्लक ५,०००. दुपारचे जेवण फसले, परतीच्या वाटेवर बुजुर्ग रागावले आणि आयोजकाने लाजेकाजेस्तव सर्वांना माणशी १२० रुपयांचे खाऊ घातले, तर ६,००० गेले. दिवसभर राबून हजाराचा तोटा! उलट, नुसत्या प्रवेशाचा दर माणशी ८०० मिळाला आणि जेवणासाठी स्वतः पाहून ठरवलेल्या जागी माणशी २५० पडले, तर एकूण ५२,५०० होतात. २,५०० वाचतात आणि जेवण आपल्या मनासारखे. मात्र एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात का, हे आधी विचारावे. घेत नसतील तर जेवण परतीच्या वाटेवर ठेवावे आणि दुपारी आत फक्त हलका फराळ द्यावा. काही रिसॉर्ट मोठ्या गटाला स्वतःचा केटरर आणू देतात, पण त्याची वेगळी आकारणी करतात. हा सौदा तोंडी करू नये.

दर ठरवताना करासह की कराशिवाय, हे कागदावर घ्यावे. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के लागतो, महागड्या खोल्यांच्या हॉटेलातील रेस्टॉरंटला १८ टक्के. पन्नास ताटांमागे हा फरक लहान नाही. सेवा शुल्क सक्तीने लावता येत नाही, अशी मार्गदर्शक सूत्रे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ती उचलून धरली. पाण्याच्या बाटलीवरून मात्र टेबलावर भांडू नये. हॉटेल व रेस्टॉरंटात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. बाहेरचे खाणे अडवण्याबाबत जानेवारी २०२३ चा निकाल चित्रपटगृहांपुरता होता: मनाई करता येते, पण पिण्याचे पाणी मोफत द्यावे आणि तान्ह्या मुलांचे खाणे अडवू नये. पार्कवाल्याशी बोलताना हा दाखला सौम्य शब्दांत पुढे केला, तर बाळाच्या खिमटीचा डबा बहुधा आत जातो.

शेवटची गोष्ट जागा पाहून येण्याची. आयोजकाने सहलीच्या पंधरा दिवस आधी तेथे जावे, आणि तेही गर्दीच्या रविवारी. मंगळवारी रिकाम्या रेस्टॉरंटात आचारी कोणालाही चांगलेच जेवू घालतो. जमल्यास त्या खालांना किंवा चाचांनाच सोबत न्यावे. त्यांच्या ताटाचे पैसे आपण द्यावेत आणि पदार्थ त्यांना निवडू द्यावेत. एकदा त्यांनी स्वतः पसंत केलेली खानावळ असली, की बसमध्ये तिची बाजू मांडायला आयोजकाला उभे राहावे लागत नाही. रिसॉर्टला आगाऊ रक्कम निम्म्याहून अधिक देऊ नये आणि उरलेला हिशेब शेवटचे ताट उठल्यावर करावा.