काळ्या स्क्रीनला घाबरून विषय सोडू नकोस

अगं, काल फोनवर म्हणालीस, "ताई, हे शेडर प्रकरण माझ्याच्यानं होत नाही, मी दुसरं इलेक्टिव्ह घेते." तेव्हा मी गप्प बसले, कारण तू भुसावळहून एसटीनं नुकतीच घरी पोचली होतीस आणि उपाशीपोटी घेतलेले निर्णय मी धरतच नाही. आज जेवून-बिवून निवांत असशील, तर ऐक.

आधी एवढं सांगते, की तुझं गाडं अडलं ती जागाच वाकडी आहे. इतके दिवस तुम्ही टर्बो सीच्या निळ्या खिडकीत डीडीए, ब्रेझनहॅम, मिडपॉइंट सर्कल असल्या रेषा-वर्तुळं काढायच्या रीती केल्यात. तिथं सगळा कारभार तुझ्या हातात होता. लूप तुझा, पुटपिक्सेल तुझा, कुठला ठिपका कुठं टाकायचा ते तू ठरवायचीस. मग एके दिवशी फळ्यावर शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, आलं आणि लूपच नाहीसा झाला. इथं ठिपक्याची जागा आधीच ठरलेली असते. तुला फक्त विचारतात, "या जागेवर रंग कुठला?" प्रश्नच उलटा झालाय, आणि हे वर्गात कुणी थांबून सांगत नाही.

परीक्षेचा हॉल डोळ्यांपुढं आण. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच, बैठक क्रमांक ज्याचा त्याला, आणि शेजारणीच्या पेपरात डोकवायची सोय नाही. फ्रॅगमेंट शेडर म्हणजे ती प्रश्नपत्रिका. वेळ, दिव्याची जागा, असल्या सर्वांना सारख्या गोष्टी म्हणजे युनिफॉर्म. ज्याला त्याला वेगळं मिळतं ते व्हेरिंग. पूर्ण एचडी पडद्यावर या हॉलमध्ये २० लाख ७३ हजार ६०० परीक्षार्थी बसतात आणि सेकंदाला ६० वेळा पेपर देतात. त्यातल्या एकाला उठवून "तुझं उत्तर काय आलं?" असं विचारता येत नाही. प्रिंटएफ नाही, ब्रेकपॉइंट नाही. म्हणून तुला वाटतं, की आपण आंधळ्या झालोय.

इथं एकच युक्ती आहे, आणि मी पुण्यात दिवसभर याच कामावर बसते तरी अजून तीच वापरते. जो आकडा बघायचाय, तो रंग म्हणून पडद्यावर काढायचा. स्क्रीन काळी आली, की सगळं बाजूला ठेवून शेडरमध्ये एकच ओळ ठेव: उत्तर लाल, व्हेक४(१.०, ०.०, ०.०, १.०). पडद्यावर काढलेला गोळा लाल दिसला, तर मॅट्रिक्स, कॅमेरा, आकार सगळं जागेवर आहे आणि घोळ प्रकाशाच्या गणितात आहे. लालही दिसला नाही, तर शेडरचा एरर लॉग बघ, आणि तो कोरा असेल तर व्हर्टेक्स शेडरकडं, म्हणजे कोपऱ्यांची जागा ठरवणाऱ्या भागाकडं जा. प्रकाशाच्या ओळींत डोकं घालून रात्र घालवू नकोस. मग नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाशी काटकोनात उभी असलेली दिशा, रंगवून बघ. नॉर्मलचे आकडे उणे एक ते एकमध्ये असतात आणि रंग उणे होत नाही, म्हणून ०.५ने गुणायचं आणि ०.५ मिळवायचे. गोळ्याचा मधला, तुझ्याकडं तोंड केलेला भाग फिकट जांभळट-निळा, उजवी बाजू लालसर आणि वरची हिरवट दिसली, की समजायचं नॉर्मल ठीक आहेत. डॉट प्रॉडक्ट तसाच करड्या छटांत काढ. अर्ध्या तासात चोर सापडतो.

बारीकसारीक चोर तर ठरलेलेच असतात. १/२ लिहिलंस, तर डेस्कटॉपच्या जीएलएसएलमध्ये पूर्णांकांचा भागाकार होऊन गुपचूप शून्य येतं. वेबजीएल निदान तक्रार तरी करतो. म्हणून १.०/२.० लिहायची सवय लाव. आणि जो युनिफॉर्म तू वापरतच नाहीस, तो कंपायलर काढून टाकतो. मग त्याचं लोकेशन उणे एक आलं म्हणून रडायचं नाही.

नॉर्मल फ्रॅगमेंट शेडरमध्ये पुन्हा नॉर्मलाइझ का करायचा, हे तू विचारलं होतंस. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवरचे नॉर्मल मधे मिसळले, की त्यांची लांबी एकापेक्षा कमी होते आणि चकाकी मळकट दिसते, म्हणून. यामागं एक माणूस आहे. हेन्री गूरोनं १९७१मध्ये कोपऱ्यांवरचे रंग मिसळायची रीत काढली. १९७३मध्ये युटा विद्यापीठात बुई तुआँग फाँग या व्हिएतनामी विद्यार्थ्यानं प्रबंधात म्हटलं, रंग कशाला, नॉर्मलच मिसळू आणि प्रत्येक ठिपक्यावर प्रकाशाचा हिशेब करू. तेव्हाच्या यंत्रांना ते फार जड जायचं. १९७५मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, तो ल्युकेमियानं गेला. आज तुझा साधा लॅपटॉप त्याचं म्हणणं दर फ्रेमला लाखो वेळा पाळतो. फाँग मॉडेल पाठ करताना एवढं आठवलं, तरी पुष्कळ.

आता असाइनमेंटचं. शेडरनं रंगवायला सगळे किटली घेतील, युटाचीच ती टीपॉट. घेऊ देत. तू केळीचं पान घे. अगं, यावलमध्ये राहून पान शोधायला कुठं जायचंय? आप्पांच्या बागेत संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा आणि सूर्याकडं तोंड करून पानाखाली उभी राहा. वरून गडद, थोडं मेणचट दिसणारं तेच पान खालून पिवळट-हिरवं उजळलेलं दिसतं. लाल आणि निळा प्रकाश पान बराचसा गिळतं, हिरवा त्यातल्या त्यात पार होतो. म्हणजे तुला दोन हिशेब लागतील: पुढून पडणाऱ्या प्रकाशाला नॉर्मल आणि दिव्याच्या दिशेचा डॉट प्रॉडक्ट, आणि मागून येणाऱ्याला तोच नॉर्मल उलटा करून, पिवळसर रंगानं गुणून. पानाला दोन बाजू असतात, म्हणून जीएल_फ्रंटफेसिंग तपास, नाहीतर एक बाजू काळी पडेल आणि पुन्हा मला फोन येईल. मधल्या दांड्यापासून कडेकडं जाणाऱ्या समांतर शिरांना टेक्स्चर नको. फ्रॅक्ट आणि स्मूथस्टेप पुरतात. वाऱ्यानं पान हलवायचं, तर व्हर्टेक्स शेडरमध्ये वेळेचा साइन घे, पण दांड्याजवळ कमी आणि कडेला जास्त. फाटलेल्या पट्ट्या डिस्कार्डनं काढ. आपल्याकडं मे महिन्यातल्या वादळानंतर अख्खं पान कुठं दिसतं?

जमलंच, तर मागं सातपुडा ठेव. उत्तरेकडं बघितलंस, की एकामागं एक रांगा फिकट होत आकाशात मिसळतात ना, ते धुक्याचं सूत्र आहे. अंतर आणि दाटपणाचा गुणाकार उणे करून ई-चा घात, आणि त्या प्रमाणात डोंगराचा रंग आकाशाच्या रंगात मिक्स. बस.

हे सगळं लांबच्या लोकांचं काम आहे, असं तुझ्या डोक्यात बसलंय, म्हणून एक नाव सांगते. रमेश रासकर नाशिकचे. पुण्याच्या सीओईपीत शिकले आणि पीएचडीला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. २००१मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'शेडर लॅम्प्स' नावाचा निबंध मांडला. पांढरी, कोरी प्रतिकृती समोर ठेवायची आणि शेडिंगचा हिशेब पडद्यावर न दाखवता प्रोजेक्टरनं थेट तिच्यावर पाडायचा. त्यांनी ताजमहालाची प्रतिकृती घेतली होती. तिरक्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड मंद पडतो, तो भरून काढायला कोनाची कोसाइन लागते. तुझा डॉट प्रॉडक्ट तोच! पुढं ते एमआयटी मीडिया लॅबमध्ये गेले आणि २०१६मध्ये त्यांना लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळालं.

नव्या लॅपटॉपसाठी पप्पांच्या मागं लागू नकोस. केळीच्या भावाचं काय चाललंय ते तुला दिसतंच आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या इंटेल चिपवर, अगदी फोनच्या ब्राउझरमध्येसुद्धा वेबजीएल चालतं. २०१३पासून शेडरटॉय आहे; त्यावरची पानं बघ, पण आयता कोड उचलू नकोस. एक ओळ बदल, काय होतं ते बघ, मग दुसरी. तिथल्या पोरांनी समुद्र आणि डोंगर शंभर-दोनशे ओळींत काढलेत, ते पाहून हिरमुसायचं कारण नाही. त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं हेच करतात.

आणि लॅबचं. तुमच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड कायम बाकीच्या दोघांच्या हातात आणि रिपोर्ट लिहायचं काम तुझ्याकडं, हे मला आईकडून कळलं. तुझं अक्षर चांगलं आहे हे कारण पुरेसं नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला दहा मिनिटं आधी जा आणि मशीनसमोरच्या खुर्चीत तू बस. पान तुझं आहे, टाइप तू करायचंस. व्हायव्हाला नॉर्मल उलटा का केला असं विचारलं, तर उत्तर ज्यानं टाइप केलंय त्यालाच येतं. इलेक्टिव्ह बदलायचा फॉर्म भरून ठेवला असशील, तर तो सध्या वहीतच राहू दे. आधी मला लाल गोळ्याचा स्क्रीनशॉट पाठव.