पहिला हप्ता कधी?

प्रश्न : माझी वहिनी घरीच ब्लाउज शिवते. गल्लीतल्या बायकांचा गट करून एक कंपनी कर्ज देते आहे, हप्ता आठवड्याचा. वहिनीला पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय. अशा छोट्या कर्जाने धंदा खरंच वाढतो का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काहींचा चांगला वाढतो, पुष्कळांचा जवळजवळ वाढत नाही. कोणाचा वाढतो, याचा शोध आपल्याच देशात फार बारकाईने घेतला गेला आहे.

२००५ च्या सुमारास हैदराबादमधल्या १०४ वस्त्या अभ्यासासाठी निवडल्या होत्या. त्यांतल्या ५२ वस्त्यांत ‘स्पंदना’ या संस्थेने आधी कर्ज द्यायचं, बाकीच्यांत नंतर, आणि कोणत्या वस्तीचा नंबर आधी लागणार हे नशिबावर सोडलेलं. पहिलं कर्ज प्रत्येकीला १०,००० रुपयांचं, सहा ते दहा बायकांच्या गटातून, फेड ५० आठवड्यांत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड-एक वर्षाने घरोघर विचारपूस केली. टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला होता आणि पान, तंबाखू, जुगार यांवरचा घटला होता. पण घरचा एकूण खर्च, म्हणजे राहणीमान, होतं तिथंच होतं. नवे धंदे निघाले, ते बहुतेक फार छोटे आणि कमी नफ्याचे. नफ्यात ठळक वाढ दिसली ती आधीपासून सर्वांत जास्त कमावणाऱ्या मोजक्या धंद्यांत.

पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने (हैदराबाद तेव्हा त्याच राज्यात होतं) वटहुकूम काढला आणि त्या राज्यातली ही कर्जं जवळपास थांबली. त्यानंतर दोन वर्षांनी तीच माणसं पुन्हा पाहिली. कर्ज येण्याआधीच ज्यांचा धंदा चालू होता, त्यांना लवकर कर्ज मिळाल्याचा फायदा कर्ज बंद झाल्यावरही टिकून होता, उलट वाढला होता. कर्ज मिळतंय म्हणून धंद्यात उतरलेल्यांच्या पदरात मात्र फारसं काही पडलं नव्हतं. तुमची वहिनी आधीपासून शिवते, ही तिची मोठी जमेची बाजू.

आता तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शब्द: हप्ता. कोलकात्यातल्या एका अभ्यासात अशाच कर्जदार बायकांपैकी काहींचा हप्ता कर्ज हातात पडल्यावर दोन आठवड्यांनी सुरू झाला, काहींना दोन महिन्यांची सवलत मिळाली. एवढाच फरक. तीन वर्षांनी सवलत मिळालेल्यांचा आठवड्याचा नफा सुमारे ४१ टक्के जास्त निघाला, धंद्यातलं भांडवल त्याहून कितीतरी जास्त. कारण समजायला सोपं आहे. पंधराव्या दिवशी पैसे भरायचे असतील, तर हातातली सगळी रक्कम मशीनमध्ये किंवा मालात घालायची हिंमत होत नाही. थोडे पैसे हप्त्यासाठी बाजूला राहतात आणि ज्यासाठी कर्ज काढलं तेच अर्धवट होतं. सवलतीमुळे थकबाकीही वाढली, हे खरं. म्हणूनच कंपन्या लगेच वसुली सुरू करतात. त्यांचं नुकसान त्यामुळे टळतं, वाढ मात्र कर्जदार बाईची खुंटते. माझ्या मते हा सौदा बाईच्या बाजूने बदलायला हवा.

आणखी एक गोष्ट घरातली. श्रीलंकेतल्या एका अभ्यासात छोट्या धंदेवाल्यांना कर्ज नव्हे, तर थेट मदत म्हणून भांडवल दिलं होतं. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा जवळजवळ नाही. तेव्हा बायकांच्या धंद्यातच दम नाही, असा अर्थ निघाला. नंतर हेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा चित्र पालटलं: ज्या घरात बाईचाच एकमेव धंदा होता तिथं तिची कमाई पुरुषांइतकीच वाढली होती. दुसऱ्या घरांत तिच्या नावाचे पैसे नवऱ्याच्या धंद्यात जात होते. आपल्याकडच्या बचत गटांतही कर्ज बाईच्या नावाचं आणि गाडा नवऱ्याचा, हे नवीन नाही. त्यात गैर काही नाही, पण मग वहिनीचं शिवणकाम वाढलं नाही म्हणून तिला दोष देऊ नका.

तेव्हा सही करण्याआधी वहिनीने कंपनीच्या माणसाला पहिला हप्ता किती दिवसांनी आणि तो महिन्याचा करून मिळेल का, हे विचारावं. व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर, तेही. हैदराबादच्या त्या कर्जावर सांगायला १२ टक्के व्याज होतं. पण ते वर्षभर पूर्ण रकमेवर मोजत असल्यामुळे प्रत्यक्षात २४ टक्क्यांच्या आसपास पडत होतं. गटातल्या एखादीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा का, हे कागदावर वाचून घ्यावं. आणि जमलं तर मशीन लग्नसराईच्या तोंडावर घ्यावं, म्हणजे पहिले हप्ते मशीनच्याच कामातून निघतील.