मूल्यशिक्षणाच्या तासाला काय वापरावे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. मूल्यशिक्षणासाठी इंटरनेटवर मोफत मराठी साहित्य कुठे मिळेल?

उत्तर : 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'पासून सुरुवात करा. २०१५ पासून चालणाऱ्या या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. खुल्या परवान्यामुळे त्या उतरवून, छापून वर्गात वाटता येतात. रेंज गेली तरी तास बुडत नाही. गोष्ट संपल्यावर तात्पर्य मात्र विचारू नका. बाईंना काय हवे आहे हे मुले बरोबर ओळखतात! 'तू तिथे असतीस तर काय केलं असतंस?' असे विचारा आणि आधी जोडीजोडीने बोलू द्या. पाठ्यपुस्तकाला जोडलेले साहित्य 'दीक्षा' या सरकारी संकेतस्थळावर सापडेल. सुविचारांचे व्हिडिओही ढिगाने दिसतील. ते खुशाल वगळा.