आबांचं लॉन मोवर

हाताने ढकलायचं लॉन मोवर म्हणजे एक गोल फिरणारी कात्रीच. वरची पाती फिरतात, खालची पट्टी स्थिर, मध्ये गवत कापलं जातं. इंग्लंडच्या एडविन बडिंगला १८३० मध्ये ही आयडिया सुचली ती गिरणीत कापडाची लव कातरणारं मशीन बघून. म्हणजे आपल्या कापसाच्या अकोटला ते तसं परकं नाही!

आमच्या घरचं मोवर पावसाळाभर गंजत पडलेलं. सुट्टीत मी चाकं खोलली, डिझेलने धुतली, ग्रीस लावलं आणि डावं-उजवं पिनियन अदलाबदल करून बसवलं. (दोन्ही दिसायला सेम असतात हो!) ढकललं तर पाती ढिम्म. आबा म्हणाले, "कावून बे इंजिनिअर, हे त मांगं ओढल्यावर फिरते!"

पिनियनमधली खिट्टी एकाच दिशेने पकडते. बाजू बदलली की दिशा उलटते. पण धार लावायला नेमकं हेच लागतं. पात्यांच्या कडेला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावायची, पट्टी हलकेच टेकवायची आणि चाक मागे फिरवत राहायचं. बोटं लांब ठेवून बरं का! धार आली की पेस्ट पूर्ण पुसून पिनियन पुन्हा आपापल्या जागी.

आता टोकांच्या स्क्रूने पट्टी सेट करा. वर्तमानपत्राचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला गेला पाहिजे. जास्त आवळलं तर ढकलताना दम निघतो, पातीही झिजतात. ओलं गवत कापू नका, आणि काम झालं की पात्यांवर तेलाचा फडका फिरवा.

आबांनी आता पिनियनवर ऑइलपेंटने 'डा' आणि 'उ' लिहून ठेवलंय.