पंचांच्या हाती नियमपुस्तिका

ग्रामीण भागातील शाळांच्या क्रीडांगणांवर कबड्डी आणि खो-खो यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत बेसबॉल व सॉफ्टबॉल हे खेळही रुजू लागले आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांत त्यांना स्थान मिळाल्यामुळे जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढण्याची संधी खेड्यातील मुलामुलींनाही उपलब्ध झाली आहे. मैदान, साहित्य आणि प्रशिक्षण यांविषयी शाळांतून व पंचायतींतून पुष्कळ विचार होतो. परंतु ज्याच्या शब्दावर सामन्याचा निकाल ठरतो, त्या पंचाजवळ खेळाच्या नियमांचे छापील पुस्तक आहे किंवा नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव 1724 साली निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अशा गावातील एखाद्या शिक्षकावर बेसबॉलच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहण्याची वेळ आली, तर त्याने नियमपुस्तक कोठून मिळवावे? मेहकर किंवा चिखली येथील पुस्तकांच्या दुकानांत शालेय पाठ्यपुस्तके व स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके मिळतील. बेसबॉलच्या पंचासाठी लिहिलेले पुस्तक तेथे मिळेलच असे नाही. परदेशातून मागविलेल्या पुस्तकाची किंमत व टपालखर्च शाळेच्या क्रीडा निधीस परवडणारा नसतो. परिणामी पंच ऐकीव माहितीवर विसंबतो, आणि ऐकीव माहिती बहुधा सॉफ्टबॉलची असते.

ही सरमिसळ वरवर क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाही. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर 90 फूट आणि पिचरच्या पट्टीपासून होमप्लेटचे अंतर 60 फूट 6 इंच असते. वेगवान सॉफ्टबॉलमध्ये बेसमधील अंतर 60 फूट असते आणि चेंडू खांद्याखालून टाकला जातो. बेसबॉलमधील धावक पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वीच बेस सोडून पुढे सरकू शकतो. सॉफ्टबॉलमध्ये तसे केल्यास तो बाद ठरतो. एका खेळाचा नियम दुसऱ्या खेळास लावणारा पंच बेसबॉलच्या सामन्यात निर्दोष धावकास बाद देईल, आणि त्याचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी त्या मुलाचे नुकसान भरून येणार नाही. वरच्या पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या नुकसानीचे स्वरूप स्पष्ट होते.

निर्णय आणि नियम

चेंडू टप्प्यात होता की नव्हता, धावक आधी पोहोचला की चेंडू आधी पोहोचला, हे पंचाच्या नजरेचे निर्णय होत. ते अंतिम असतात. त्यांवर वाद घालण्यास खेळाडूला किंवा मार्गदर्शकाला मुभा नाही. मात्र पंचाने नियमच चुकीचा लावला असेल, तर संघाच्या व्यवस्थापकास त्याच पंचाकडे दाद मागून योग्य निर्णयाची मागणी करता येते. बेसबॉलच्या अधिकृत नियमांतील आठव्या प्रकरणात हा भेद स्पष्ट केलेला आहे. त्याच प्रकरणात पंचांसाठी ज्या सर्वसाधारण सूचना आहेत, त्यांत नियमपुस्तक जवळ बाळगण्याची सूचना ठळकपणे येते. अवघड प्रश्न उद्भवल्यास खेळ दहा मिनिटे थांबवून पुस्तक पाहावे; चुकीच्या निर्णयामुळे सामना पुन्हा खेळविण्यापेक्षा ते बरे, असा त्या सूचनेचा आशय आहे. पुस्तक उघडून पाहणारा पंच कच्चा, असा जो समज आपल्याकडे आढळतो, त्यास खेळाच्या नियमांतच उत्तर दिलेले आहे.

दोन-तीन उदाहरणांनी हे अधिक स्पष्ट होईल. चेंडू आणि धावक एकाच क्षणी पोहोचले तर निर्णय धावकाच्या बाजूने द्यावा, असे मैदानावर सर्रास सांगितले जाते. पुस्तकातील शब्द पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावणारा फलंदाज, त्याने बेसला स्पर्श करण्यापूर्वी तो स्वतः किंवा तो बेस चेंडूने स्पर्शिला गेला असेल, तरच बाद असतो. म्हणजे बरोबरी झाल्यास तो वाचतो. उलट, मागून येणाऱ्या धावकामुळे पुढच्या बेसकडे जाणे ज्याला भाग पडले आहे, तो क्षेत्ररक्षकाच्या स्पर्शापूर्वी तेथे पोहोचला नाही तर बाद, अशी शब्दरचना पूर्वीच्या आवृत्त्यांत होती. तेथे बरोबरी त्याच्या उपयोगाची नव्हती. हा फरक ऐकून लक्षात राहत नाही, छापील वाक्य डोळ्यांपुढे असावे लागते.

दुसरे उदाहरण आतल्या मैदानात उंच उडालेल्या चेंडूचे. दोनपेक्षा कमी गडी बाद असताना पहिल्या व दुसऱ्या बेसवर, किंवा तिन्ही बेसवर, धावक उभे असतील आणि आतल्या क्षेत्ररक्षकास सहज झेलता येईल असा चेंडू नियमक्षेत्रात उंच उडाला, तर झेल घेतला जावो वा न जावो, पंच फलंदाजास तत्काळ बाद घोषित करतो. सरळ रेषेत गेलेला टोला आणि मुद्दाम हळू ठोकलेला चेंडू यांस हा नियम लागू नाही. वरकरणी हा नियम फलंदाजावर अन्याय करणारा वाटतो. वास्तविक तो धावकांच्या संरक्षणासाठी आहे. झेल जाणूनबुजून सोडायचा, आणि झेलाच्या भीतीने बेसवर थांबलेल्या धावकांपैकी दोघांना एकाच वेळी बाद करायचे, ही लबाडी त्यामुळे बंद होते. कारण समजलेला पंच हा नियम विसरत नाही. म्हणून पुस्तिकेत नियमाबरोबर त्याचे कारणही एका ओळीत दिलेले असावे.

तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून सुटला, तर पहिला बेस रिकामा असताना, किंवा दोन गडी बाद झालेले असताना, फलंदाजास धावण्याचा अधिकार मिळतो. नवख्या पंचांची आणि प्रेक्षकांची या प्रसंगी हमखास गडबड उडते.

आपल्याकडील पूर्वपरंपरा

नियम छापून गावोगाव पोहोचविण्याचे काम महाराष्ट्रास नवे नाही. खो-खोच्या नियमांना निश्चित रूप देण्याचा प्रयत्न पुण्यात 1914 साली झाला आणि 1924 मध्ये बडोद्याहून ते प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी गावागणिक खेळण्याची रीत निराळी होती व दोन गावांचे सामने वादाविना पार पडणे कठीण होते. हुतुतूची स्थिती याहून वेगळी नव्हती. पुढे बडोद्यासच व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीतून सिद्ध झाले. त्यांचा पहिला खंड 1936 सालचा. अमरावती येथे 1914 मध्ये सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने वऱ्हाडात शारीरिक शिक्षणाची परंपरा निर्माण केली. स्वस्त, मराठी आणि हातात मावणारे नियमपुस्तक हे देशी खेळांच्या प्रसाराचे एक प्रमुख साधन ठरले. बेसबॉलच्या बाबतीत ते अद्याप पुरेसे घडलेले नाही, एवढाच फरक.

पुस्तक कोणते निवडावे

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे अधिकृत नियम दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांची संपूर्ण प्रत संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळते. 2013 साली स्थापन झालेल्या जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघाचे नियमही याच रीतीने उपलब्ध आहेत. तेव्हा मजकूर मिळविण्यास पैसा लागत नाही. तो कागदावर उतरविण्यास लागतो. मोबाइल संचावर पुस्तक असताना छापील प्रत कशाला, असा प्रश्न येथे कोणी विचारील. दुपारच्या उन्हात संचाचा पडदा दिसत नाही, आणि दोन्ही संघांचे मार्गदर्शक समोर उभे असताना पानावर बोट ठेवून दाखविलेल्या नियमास जे वजन असते ते पडद्यास येत नाही, हे अनुभवी पंच जाणतात.

जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात, परंतु ती घेताना सावध राहावे. 2015 साली या नियमांची पुनर्रचना झाली व कलमांचे क्रमांक बदलले. पूर्वी पंचांविषयीचे प्रकरण नववे होते, ते आठवे झाले. गुणलेखकाचे दहावे होते, ते नववे झाले. आरंभी असलेल्या व्याख्या शेवटी गेल्या. जुन्या पुस्तकातील क्रमांक सांगणारा पंच आणि नवे पुस्तक हाती असलेला मार्गदर्शक यांचे एकमेकांशी जुळणार नाही. 2023 मध्ये बेसचा आकार 15 इंचांवरून 18 इंच झाला आणि पिचरसाठी घड्याळ आले. हे बदल मुख्यतः व्यावसायिक सामन्यांकरिता आहेत; शालेय स्पर्धेत काय लागू आहे, हे आयोजकांच्या परिपत्रकावरून पाहावे.

संपूर्ण पुस्तक दोनशेच्या आसपास पानांचे असते. पंचास ते सर्व मैदानात लागत नाही. खेळाची प्रत्यक्ष वाटचाल सांगणारे पाचवे प्रकरण, गैरखेळाविषयीचे सहावे, सामना केव्हा संपला असे मानावे हे सांगणारे सातवे, पंचांचे आठवे, आणि अखेरच्या व्याख्या एवढा भाग पुरेसा होतो. नववे प्रकरण गुणलेखकासाठी वेगळे काढून त्याच्या स्वाधीन करावे. मैदान आखण्याची माहिती देणारे दुसरे प्रकरण शाळेच्या भांडारात, चुन्याच्या पोत्याजवळ असले म्हणजे झाले.

निवडलेला भाग 96 पानांत बसविला असे धरू. नेहमीच्या ए-4 कागदाच्या एका बाजूस दोन, म्हणजे दोन्ही बाजूंस मिळून चार पाने येतात. 24 कागद पुरतात आणि 48 बाजू छापाव्या लागतात. छायाप्रतीचा दर एका बाजूस 2 रुपये धरला, तर 96 रुपये होतात. त्यात जाड कागदाचे वेष्टन व मध्ये घातलेल्या पिना यांची थोडी भर पडेल. चार-पाच शाळांनी मिळून एकदम प्रती काढल्यास दर आणखी उतरू शकतो. केंद्रशाळेने पुढाकार घेतला तर हे काम एका दिवसाचे आहे. अक्षर मात्र बारीक करू नये. पाने वाचविण्याच्या नादात वाचताच न येणारी पुस्तिका तयार झाली, तर खर्च झालेला सर्व पैसा वाया गेला असे समजावे.

भाषा आणि कायदा

इंग्रजी मजकूर सर्व पंचांना सुलभ असेल असे नाही. मराठी पुस्तिका हवी, यात शंका नाही. पण येथे 1957 च्या स्वामित्व हक्क कायद्याचे भान ठेवले पाहिजे. मूळ ग्रंथाचे भाषांतर करण्याचा हक्क हा त्याच्या मालकाचा असतो. शब्दशः भाषांतर छापून विकावयाचे असल्यास लेखी परवानगी घ्यावी. तथापि, कायदा संरक्षण देतो ते मांडणीस व शब्दांस. खेळण्याच्या पद्धतीस नव्हे. शिक्षकांनी नियम समजावून घेऊन स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या उदाहरणांसह आणि आकृत्यांसह मार्गदर्शिका लिहिली, तर तिला अशी अडचण येत नाही. मराठी मार्गदर्शिका व मूळ इंग्रजी प्रत अशी जोडी पंचाजवळ असावी आणि मतभेद झाल्यास इंग्रजी शब्द प्रमाण मानावा. मार्गदर्शिकेत स्ट्राइक, बेस, पिचर, कॅचर हे रूढ शब्द तसेच ठेवणे इष्ट. मुले तेच बोलतात, आणि कृत्रिम प्रतिशब्दांनी मैदानावर गोंधळच वाढतो.

प्रतींची साठवण हाही विचार करण्याजोगा भाग आहे. पंच शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर पुस्तकही जाते. म्हणून एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात व एक गावातील सार्वजनिक वाचनालयात दाखल करून घ्यावी. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांस शासनाचे अनुदान मिळते, आणि ग्रंथखरेदीची यादी ठरविताना पंचायत सदस्यांनी अशा पुस्तकाचे नाव सुचविण्यास काहीच हरकत नाही. दूरच्या शाळांना प्रती पाठवावयाच्या असल्यास टपाल खात्याने 1 मे 2025 पासून सुरू केलेली ज्ञान पोस्ट सेवा उपयोगी पडेल. शैक्षणिक पुस्तकांसाठी असलेल्या या सेवेचे आरंभीचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये व 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा, असे ठरले. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असणे त्यासाठी आवश्यक आहे. तेव्हा ते वेष्टनावर घालण्यास विसरू नये. त्याखाली कोणत्या वर्षाच्या आवृत्तीवरून पुस्तिका तयार केली ते वर्ष लिहावे, आणि आतील बाजूस एक पान कोरे सोडावे, म्हणजे आयोजकांच्या परिपत्रकातील फरक पंचास सामन्यापूर्वी त्यावर उतरवून घेता येतील.