पेठच्या डोंगरउतारावरील देशी झाडे : त्यांची नवी पिढी कशी वाढवावी?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला लागून असलेला पेठ तालुका हा सह्याद्रीच्या डोंगररांगांचा मुलूख होय. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्वच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उताराचे पाणी माती घेऊन ओढ्यानाल्यांतून दमणगंगेसारख्या नद्यांना मिळते, आणि उन्हाळा लागला की डोंगर कोरडे पडतात. चार महिने पाण्याचा मारा व आठ महिने कोरड, अशा दोन्ही अवस्था सोसणारी झाडेच येथे टिकू शकतात. मोह, ऐन, साग, पळस, खैर, माणवेल बांबू व करवंद ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांची मुळे नागली-वरईच्या वरकस जमिनीची माती धरून ठेवतात व पालापाचोळा पावसाचे पाणी जमिनीत मुरवितो.

राजस्थानच्या वाळवंटी भागातील शेतकरी खेजडीचे झाड शेतातच राखतो व त्याच्या आसपास बाजरी पिकवितो. पेठच्या शेतकऱ्यानेही बांधावरचा मोह अशाच रीतीने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी वयोवृद्ध मोह उभा असतो, पण त्याच्या भोवती एकही तरणे रोप आढळत नाही. जुने झाड वठले की त्याच्या जागी दुसरे उभे राहणार नाही, हा खरा धोका आहे.

रोपे का टिकत नाहीत?

याची मुख्य कारणे चार आहेत. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखालचा पाला पेटविला जातो. त्या आगीत मागील पावसाळ्यात उगवलेली रोपे जळतात आणि आग पसरून वरच्या रानालाही लागते. दुसरे, तेलासाठी खाली पडलेले सर्व बी उचलले जाते. तिसरे, आगीतून वाचलेले रोप उन्हाळ्यात मोकाट चरणारी गुरे व शेळ्या खाऊन टाकतात. चौथे, भात व नागलीच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या शेंड्यापर्यंत तोडल्या जातात. असे झाड खुरटते व त्यास बी धरत नाही.

मोह

मोहाचे गळून पडणारे फूल म्हणजे केवळ मांसल पाकळ्यांचा भाग होय. फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. म्हणून पडलेली फुले वेचल्याने फळ कमी होत नाही. हानी होते ती आगीने. तेव्हा पाला पेटवू नये; तो झाडून गोळा करावा आणि झाडाखाली जुनी लुगडी अथवा जाळी पसरून फुले घ्यावीत. गोळा केलेला पाला राबाच्या जागेवर न्यावा किंवा खताच्या खड्ड्यात टाकावा. राबासाठी तो वापरल्यास तितक्या फांद्या तोडणे वाचते. एकाच कामात दोन झाडे राखली जातात.

मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. जून-जुलैमध्ये पिकून पडलेल्या फळांतील बी गर काढून आठवड्याच्या आत पेरावे. उत्तम झाडाखालचे निदान एक पसाभर बी तेलाकरिता न नेता लागवडीसाठी बाजूस काढावे. सोटमूळ खोल जात असल्याने बी कायमच्या जागीच, प्रत्येक खड्ड्यात दोन याप्रमाणे, दोन ते तीन सेंटीमीटर खोल टोकणे सोयीचे असते. झाड फुलावर येण्यास साधारणपणे आठ ते पंधरा वर्षे लागतात. म्हणूनच लागवड आज करावयास हवी.

ऐन

ऐनाच्या फांद्या तोडणे अपरिहार्य असेल तेव्हा खालच्या फांद्याच घ्याव्यात. शेंडा व वरचा भाग राखावा. एकच झाड दरवर्षी न तोडता पाळीपाळीने झाडे घ्यावीत.

माणवेल

बेटातील एक-दोन वर्षांचे कोवळे बांबू कधीही तोडू नयेत. तीन वर्षांवरील बांबू, बेटात सर्व बाजूंस काही जुने बांबू राखून, जमिनीलगतच्या पेराच्या वर स्वच्छ कापावेत. पावसाळ्यात नवे कोंब फुटत असल्याने त्या काळात तोड करू नये. माणवेल अनेक वर्षांनी एकदा फुलते व बी धरून मरते. असे बेट फुललेले दिसल्यास बी अवश्य जमा करावे.

करवंद व निर्गुडी

नव्या रोपांना कुंपण हवेच, पण तारेचा खर्च सर्वांस परवडत नाही. करवंदाची काटेरी जाळी हे येथील स्वस्त व टिकाऊ कुंपण आहे. मे महिन्यात पिकलेल्या फळांचे बी ताजे असतानाच, पावसाच्या आरंभी, बांधाच्या वरच्या अंगास ओळीने पेरावे. निर्गुडीस गुरे सहसा तोंड लावत नाहीत. तिची छाटे कलमे पावसाळ्यात ओढ्याच्या काठी लावल्यास काठ ढासळत नाही.

गावकार्यकर्त्यांनी करावयाची कामे

माघ-फाल्गुनात पाड्यावर बैठक घेऊन मोहाखालचा पाला न पेटविण्याचा निर्णय सर्वांच्या संमतीने करून घ्यावा. एकाने पाळून व दुसऱ्याने मोडून आग थांबत नाही. आपोआप उगवलेल्या रोपांजवळ काठी रोवावी व भोवतालचे गवत हातभर काढून टाकावे. दोन वर्षे गुरे राखण्याची पाळी गावाने ठरवून घ्यावी. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क वनहक्क कायदा, २००६ अन्वये पात्र आदिवासी व इतर वननिवासी कुटुंबांस मिळालेला आहे. तथापि झाडेच उरली नाहीत, तर त्या हक्कातून हाती काहीच येणार नाही.

प्रत्येक कुटुंबाने एका वर्षी मोहाची पाच रोपे जगविली, तरी आजच्या वृद्ध झाडांची जागा घेणारी पिढी उभी राहील, आणि उतारावरील माती शेतातच राहील.